फिनिशियन : जगाला अक्षरे देणारे, पण स्वतःच्या ग्रंथांना मुकलेले दर्यावर्दी

आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावर सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी काही व्यापारी शहरे भरभराटीला आली. बिब्लॉस, सायडन, टायर आणि अर्वाद ही त्यांतली प्रमुख शहरे. इथल्या लोकांनी भूमध्य समुद्राच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत व्यापार केला, आफ्रिका आणि स्पेनच्या किनाऱ्यांवर वसाहती उभारल्या आणि बावीस अक्षरांची एक सुटसुटीत लिपी सगळीकडे नेली. ग्रीक, रोमन, हिब्रू आणि अरबी या लिप्यांचे मूळ तिच्यापर्यंत जाऊन पोहोचते. इतिहासात हे लोक 'फिनिशियन' या नावाने ओळखले जातात.

त्यांच्याबद्दलची सर्वांत विलक्षण गोष्ट मात्र वेगळीच आहे. ज्यांनी जगाला लिहिण्याचे सोपे साधन दिले, त्यांनी लिहिलेला एकही ग्रंथ आज मूळ भाषेत उपलब्ध नाही. उरले आहेत ते दगड, धातू आणि मातीच्या भांड्यांवरचे काही हजार लेख, आणि तेही बहुतेक दोन-चार ओळींचे. त्यामुळे फिनिशियनांची बरीचशी कहाणी आपल्याला ग्रीक, रोमन आणि यहुदी लेखकांकडून, म्हणजे त्यांच्या स्पर्धकांकडून आणि शत्रूंकडून ऐकावी लागते. ती ऐकताना कोणता भाग पुराव्यावर उभा आहे आणि कोणता ऐकीव आहे, हे पाहणे महत्त्वाचे ठरते.

नाव दुसऱ्यांनी दिलेले

'फिनिशियन' हे नाव या लोकांनी स्वतःला दिलेले नाही. ते ग्रीकांनी दिले. ग्रीक भाषेतल्या 'फॉइनिक्स' या शब्दाला किरमिजी-जांभळा रंग आणि खजुराचे झाड असे दोन्ही अर्थ आहेत. या किनाऱ्यावरून येणारे जांभळे कापड प्रसिद्ध असल्याने रंगावरून नाव पडले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. याच शब्दापासून लॅटिनमध्ये 'पोएनी' आणि पुढे 'प्यूनिक' हे शब्द आले. कार्थेज आणि रोम यांच्यातल्या युद्धांना 'प्यूनिक युद्धे' म्हणतात ते त्यामुळेच.

ते स्वतःची ओळख शहरावरून सांगत. कोणी टायरचा, कोणी सायडनचा, कोणी बिब्लॉसचा. प्रत्येक शहराचा राजा वेगळा, मुख्य दैवत वेगळे. टायरमध्ये मेलकार्त, सायडनमध्ये एश्मून, तर बिब्लॉसमध्ये 'बालात गेबाल' म्हणजे बिब्लॉसची स्वामिनी. ही सगळी शहरे मिळून एक राज्य असे कधीच झाले नाही. या प्रदेशाचे जुने नाव कनान. इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकांच्या सुमारास उत्तर आफ्रिकेत राहणाऱ्या संत ऑगस्टीनने लिहून ठेवले आहे, की तिथल्या खेडुतांना तुम्ही कोण असे विचारले तर ते आपण कनानी असल्याचे सांगतात. जोसेफिन क्विन यांच्यासारखे आजचे काही अभ्यासक तर म्हणतात, की 'फिनिशियन राष्ट्र' ही कल्पनाच नंतरच्या काळाने तयार केलेली आहे. हे मत सर्वांना मान्य नसले, तरी एक गोष्ट खरी आहे. आपण ज्यांना एक समाज म्हणतो, ते मुळात एक भाषा बोलणारे आणि एकच समुद्र वापरणारे अनेक शहरांचे रहिवासी होते.

डोंगर आणि समुद्र यांच्या मधली पट्टी

हे लोक समुद्राकडे का वळले, याचे उत्तर नकाशात आहे. पूर्वेला लेबनॉनचा उंच डोंगर, पश्चिमेला समुद्र आणि मध्ये काही किलोमीटर रुंदीची सपाट पट्टी. कोकणची आठवण व्हावी असाच हा भूगोल आहे. मोठ्या लोकसंख्येला पुरेल एवढे धान्य या पट्टीत पिकत नव्हते. पण डोंगरावर शेजारच्या देशांना हवी असलेली एक वस्तू मुबलक होती, ती म्हणजे सीडरचे लाकूड.

सीडर हा हिमालयातल्या देवदाराचा जवळचा नातलग. सरळसोट वाढणारा, सुगंधी आणि सहसा न कुजणारा. इजिप्तमध्ये असे लाकूड नव्हते आणि तिथल्या राजांना जहाजे, मंदिरे आणि शवपेट्यांसाठी ते हवे होते. इ. स. पू. २६०० च्या सुमारास स्नेफ्रू या राजाने सीडरने भरलेली ४० जहाजे आणवल्याची नोंद इजिप्तच्या 'पालेर्मो शिळे'वर आहे. गिझाच्या मोठ्या पिरॅमिडशेजारी १९५४ साली सापडलेले खुफू राजाचे सुमारे ४३ मीटर लांबीचे जहाजही याच लाकडाचे आहे. हा व्यापार मुख्यतः बिब्लॉसमधून चाले. उलट दिशेने इजिप्तचा पपायरस बिब्लॉसमार्गे ग्रीकांकडे जाई. त्यावरून ग्रीक भाषेत ग्रंथाला 'बिब्लॉस' म्हणू लागले आणि त्यातूनच 'बायबल' हा शब्द आला, असे मानले जाते.

या व्यापाराचे एक जिवंत चित्र 'वेनामून' या इजिप्शियन कथेत आहे. ती इ. स. पू. अकराव्या शतकातल्या परिस्थितीवर बेतलेली आहे. आमोन देवाच्या पवित्र नौकेसाठी लाकूड आणायला वेनामून नावाचा मंदिराचा अधिकारी निघतो. वाटेत त्याच्याजवळचे सोने-चांदी चोरीला जाते. बिब्लॉसला पोहोचल्यावर तिथला राजा त्याला रोज निरोप पाठवतो, की माझ्या बंदरातून चालता हो. शेवटी भेट होते, तेव्हा राजा जुन्या हिशेबाच्या वह्या मागवून दाखवतो : पूर्वीच्या फेरोंनीही लाकडाचे पैसे मोजले होते, तुम्हीही मोजा. इजिप्तहून सोन्या-चांदीची भांडी, तागाचे कापड, बैलांची कातडी, दोरखंड, मसूर आणि मासे आल्यावरच झाडे तोडली जातात. इजिप्तची सत्ता उतरणीला लागली होती आणि किनाऱ्यावरचे व्यापारी स्वतःच्या अटींवर बोलू लागले होते, हे या कथेतून दिसते.

इ. स. पू. १२०० च्या आसपास पूर्व भूमध्य प्रदेशातली मोठी राज्ये एकामागोमाग कोसळली. हित्ती साम्राज्य संपले, उगारितसारखे संपन्न बंदर जळून गेले. लेबनॉनच्या किनाऱ्यावरची शहरे मात्र या पडझडीतून बऱ्यापैकी सावरली. मोठे गिऱ्हाईक गेले, तसे मोठे मालकही गेले. पुढची तीन-चार शतके हा त्यांचा सुवर्णकाळ ठरला.

शंखातून निघणारा रंग

सीडरइतकीच किंमत होती जांभळ्या रंगाला. म्यूरेक्स जातीच्या समुद्री गोगलगाईंच्या शरीरात एक छोटी ग्रंथी असते. तिच्यातला द्रव सुरुवातीला फिकट असतो. हवा आणि प्रकाश लागला की तो पिवळा, हिरवा, निळा होत जांभळ्यावर येतो. शंख फोडून ही ग्रंथी काढायची, ती कुजवून पाण्यात मंद आचेवर दिवसेंदिवस ठेवायची आणि त्या पाण्यात लोकर किंवा कापड बुडवायचे, अशी साधारण पद्धत होती. या कामाला येणारी दुर्गंधी इतकी असे, की रंगशाळा वस्तीपासून दूर ठेवल्या जात. सायडनमध्ये या शंखांच्या कवचांचे अक्षरशः डोंगर साचले होते.

हा रंग महाग का होता, हे एका प्रयोगावरून कळते. १९०९ साली पॉल फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाने १२,००० गोगलगाईंपासून रंग काढला. हाती आला फक्त १.४ ग्रॅम. त्याने असेही दाखवले, की हा रंग म्हणजे निळीचाच भाऊबंद आहे. निळीच्या रेणूला ब्रोमीनचे दोन अणू जोडले, की हा जांभळा तयार होतो. रोमन काळात तर हा रंग सत्तेचे चिन्ह बनला. सम्राट डायोक्लेशियनने इ. स. ३०१ मध्ये वस्तूंच्या कमाल किमती ठरवून दिल्या, त्यात जांभळ्या रंगातल्या एक पौंड रेशमाची किंमत १,५०,००० दिनारी होती.

काच, हस्तिदंती कोरीवकाम आणि चांदीची नक्षीदार भांडी यांसाठीही ही शहरे नावाजलेली होती. काचेचा शोध फिनिशियनांनी लावला, ही रोमन लेखक प्लिनीने सांगितलेली गोष्ट खरी नाही. काच त्यांच्याआधी मेसोपोटेमियात बनत होती. पण नळीने फुंकून काच फुगवण्याची रीत इ. स. पू. पहिल्या शतकात याच सिरिया-पॅलेस्टाईनच्या किनारपट्टीवर सुरू झाली आणि त्यामुळे काचेची भांडी सामान्य घरांत पोहोचली.

जहाजे आणि दर्यावर्दी विद्या

फिनिशियन जहाजांचे दोन मुख्य प्रकार होते. मालवाहू जहाज रुंद आणि फुगीर पोटाचे असे आणि मुख्यतः शिडावर चाले. युद्धनौका लांबट, अरुंद असे, तिला वल्ह्यांच्या रांगा असत आणि पुढच्या टोकाला शत्रूचे जहाज फोडण्यासाठी धातूने मढवलेली सोंड असे. ॲसिरियाच्या सार्गोन राजाच्या खोर्साबाद इथल्या राजवाड्यातल्या शिल्पपटात घोड्याच्या मुंडक्याची नाळ असलेल्या नावा लाकडाचे ओंडके वाहताना दिसतात. अशी जहाजे फिनिशियनांची ओळखच होती.

जहाज टिकाऊ होई ते फळ्यांच्या जोडणीमुळे. फळ्यांच्या कडांमध्ये समोरासमोर खाचा पाडायच्या, त्यात लाकडाची चपटी पट्टी बसवायची आणि ती दोन्ही बाजूंनी खुंट्या ठोकून पक्की करायची. अशाने जहाजाचे बाहेरचे कवच एकसंध आणि मजबूत होई. रोमन लोक या जोडाला 'प्यूनिक जोड' म्हणत, म्हणजे ही कला कोणाकडून आली हे त्यांना माहीत होते. सिसिलीतल्या मार्साला इथे इ. स. पू. तिसऱ्या शतकातल्या एका कार्थेजी जहाजाचे अवशेष १९७० च्या दशकात ऑनर फ्रॉस्ट यांनी बाहेर काढले. त्याच्या लाकडांवर फिनिशियन अक्षरे रंगवलेली आढळली. कोणता भाग कुठे जोडायचा याच्या सुतारांसाठीच्या खुणा होत्या त्या. अक्षरे आणि जहाजे, या समाजाच्या दोन मोठ्या देणग्या, एकाच फळीवर सापडल्या.

बुडालेली जहाजे हाच त्यांच्या व्यापाराचा सर्वांत विश्वासू पुरावा आहे. तुर्कस्तानच्या उलुबुरुन इथे १९८२ साली एका पाणबुड्याला सापडलेले जहाज इ. स. पू. चौदाव्या शतकाच्या अखेरचे, म्हणजे फिनिशियनांच्या कनानी पूर्वजांच्या काळातले आहे. त्यात सुमारे १० टन तांबे आणि १ टन कथील लगडींच्या रूपात होते. कांसे बनवायला नेमके याच प्रमाणाच्या जवळपास हे धातू लागतात. सोबत काचेच्या लगडी, हस्तिदंत, आफ्रिकेचे काळे लाकूड आणि राळ होती. फिनिशियन काळातली इ. स. पू. आठव्या शतकातली दोन जहाजे अश्कलोनच्या किनाऱ्यापासून दूर, सुमारे ४०० मीटर खोल तळावर १९९७ मध्ये आढळली. दोन्हींत द्राक्षाच्या मद्याचे शेकडो रांजण अजून रांगेने रचलेले होते. ही जहाजे किनाऱ्याला चिकटून चालत नव्हती, खुल्या समुद्रातूनही जात होती, हे त्यांच्या जागेवरून कळते.

रात्री दिशा ओळखण्यासाठी ग्रीक खलाशी सप्तर्षींकडे पाहत, तर सायडनचे खलाशी ध्रुवमत्स्याकडे, असे ग्रीक कवी अरातोस सांगतो. त्या काळी आजचा ध्रुवतारा नेमका उत्तरेला नव्हता. तरी ध्रुवमत्स्य हा तारकासमूह लहानशा वर्तुळात फिरत असल्याने त्याच्यावरून उत्तर दिशा जास्त अचूक कळे. ग्रीकांनी या तारकासमूहाला 'फिनिशियन' असेच नाव दिले होते.

चांदीच्या वाटेवर : वसाहती

टायरपासून स्पेनमधल्या गादिरपर्यंत, म्हणजे आजच्या कादिझपर्यंत, समुद्रमार्गे सुमारे ४,००० किलोमीटर अंतर पडते. इतक्या लांब जाण्यामागे मुख्य कारण होते धातू. दक्षिण स्पेनमधल्या रिओ तिंतोच्या परिसरात चांदीचे मोठे साठे होते. ग्रीक इतिहासकार डायोडोरस सांगतो, की व्यापाऱ्यांना एवढी चांदी मिळे की जहाजे भरल्यावर ते नांगरांचे शिसे काढून त्या जागी चांदी बसवत. गोष्ट रंगवलेली असेल, पण खाणींच्या परिसरातले धातूच्या मळीचे ढीग आजही ती अगदीच पोकळ नसल्याचे सांगतात.

वाटेत थांबण्यासाठी, पाणी-अन्न भरण्यासाठी आणि मालाची देवाणघेवाण करण्यासाठी ठिकठिकाणी ठाणी उभी राहिली. सायप्रसमध्ये कितिऑन, सिसिलीत मोत्या, सार्डिनियात नोरा, उत्तर आफ्रिकेत उटिका आणि कार्थेज, स्पेनमध्ये मालागा आणि गादिर, मोरोक्कोच्या अटलांटिक किनाऱ्यावर लिक्सस आणि मोगादोर. जागा निवडण्याची त्यांची एक ठरलेली पद्धत दिसते. किनाऱ्यालगतचे बेट किंवा समुद्रात घुसलेले टोक, दोन्ही बाजूंना बंदर आणि जवळ गोड्या पाण्याची नदी. परंपरा गादिरची स्थापना इ. स. पू. ११०० च्या सुमारास सांगते, पण उत्खननातले पुरावे इ. स. पू. नवव्या शतकाच्या मागे खात्रीने जात नाहीत.

या वसाहतींतले सर्वांत प्रसिद्ध शहर कार्थेज. मूळ नाव 'कार्त-हदाश्त', अर्थ 'नवे शहर'. परंपरेनुसार टायरची राजकन्या एलिसा हिने इ. स. पू. ८१४ मध्ये ते वसवले. स्थानिक राजाने बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढी जमीन देऊ केली, तेव्हा तिने कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्यांनी अख्खी टेकडी वेढली, अशी दंतकथा आहे. पुढे कार्थेजने स्पेनमध्ये स्वतःचे आणखी एक 'नवे शहर' वसवले. रोमनांनी त्याला 'नवे कार्थेज' म्हटले. म्हणजे आजच्या कार्ताहेनाच्या त्या जुन्या नावाचा अर्थ होतो 'नवे नवे शहर'.

सूर्य उजवीकडे : आफ्रिकेची प्रदक्षिणा

हिरोडोटसने फिनिशियन खलाशांची एक अचाट सफर नोंदवली आहे. इजिप्तचा राजा नेको दुसरा याने इ. स. पू. ६०० च्या सुमारास काही फिनिशियनांना तांबड्या समुद्रातून दक्षिणेला पाठवले. ते दर शरद ऋतूत किनाऱ्यावर उतरत, धान्य पेरत, पीक हाती आले की पुढे निघत. तिसऱ्या वर्षी ते जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून इजिप्तला परतले. आफ्रिकेला वळसा घालून पश्चिमेकडे जाताना सूर्य आमच्या उजव्या हाताला होता, असे त्यांनी सांगितले.

हिरोडोटसला हे अजिबात पटले नाही. उत्तर गोलार्धात पश्चिमेकडे तोंड केले, तर दुपारचा सूर्य डावीकडे म्हणजे दक्षिणेला असतो. पण आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, विषुववृत्ताच्या बऱ्याच खाली, तो उत्तरेला म्हणजे उजवीकडे दिसतो. ज्या तपशिलामुळे हिरोडोटसने अविश्वास दाखवला, त्याच तपशिलामुळे आज अनेकांना ही सफर खरी वाटते. इतर पुरावा नसल्याने वाद मात्र संपलेला नाही.

बायबलमध्येही टायरच्या खलाशांच्या एका दूरच्या सफरीचा उल्लेख आहे. टायरचा राजा हिराम याने सॉलोमनला मंदिरासाठी लाकूड आणि कारागीर दिले, शिवाय दोघांची जहाजे तांबड्या समुद्रातून 'ओफीर' नावाच्या देशात जाऊन सोने आणत, असे त्यात म्हटले आहे. ओफीर म्हणजे आपले सोपारा, असा तर्क काही अभ्यासकांनी नावातल्या साम्यावरून केला होता. सोपारा हे प्राचीन बंदर होते यात शंका नाही, पण या तर्काला उत्खननाचा आधार मिळालेला नाही. अरबस्तान आणि पूर्व आफ्रिका यांचीही नावे या संदर्भात घेतली जातात.

बावीस अक्षरे

फिनिशियनांच्या आधी लिहिणे हे काही मोजक्या लोकांचेच काम होते. इजिप्तची चित्रलिपी आणि मेसोपोटेमियाची कीलाक्षरे यांत शेकडो चिन्हे असत. ती शिकायला वर्षे जात. इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकाच्या पूर्वार्धात सिनाई आणि इजिप्तमध्ये वावरणाऱ्या सेमिटिक भाषकांनी एक वेगळी युक्ती वापरली. चित्र घ्यायचे, त्या वस्तूच्या नावातला फक्त पहिला ध्वनी घ्यायचा. बैल म्हणजे 'आलेफ', म्हणून बैलाचे डोके हे त्या ध्वनीचे चिन्ह. घर म्हणजे 'बेत', म्हणून घराचा आकार म्हणजे 'ब'. पाणी म्हणजे 'मेम', म्हणून लाटेची रेघ म्हणजे 'म'. लिपीचा शोध फिनिशियनांनी लावला असे सर्रास म्हटले जाते, पण मूळ कल्पना त्यांच्या आधीची आहे. त्यांनी तिला बावीस चिन्हांच्या ठरीव रूपात आणले, उजवीकडून डावीकडे लिहिण्याची दिशा पक्की केली आणि जहाजांबरोबर ती सर्वदूर नेली. बिब्लॉसचा राजा अहिराम याची दगडी शवपेटी १९२३ मध्ये सापडली. तिच्यावरचा इ. स. पू. १००० च्या सुमाराचा लेख हा या लिपीच्या सर्वांत जुन्या मोठ्या लेखांपैकी एक आहे. शवपेटी उघडणाऱ्याला त्यात शाप दिलेला आहे.

या लिपीत फक्त व्यंजने होती. मराठीत बोलायचे तर 'न' आणि 'व' एवढेच लिहायचे आणि ते नाव, नवा, नवी की नेव वाचायचे हे संदर्भावरून ठरवायचे. सेमिटिक भाषांत शब्दाचा मुख्य अर्थ व्यंजनांवर उभा असल्याने हे चालून जाई. ग्रीकांचे मात्र तसे भागत नव्हते. इ. स. पू. आठव्या शतकाच्या सुमारास त्यांनी ही अक्षरे घेतली, तेव्हा त्यांच्या भाषेत नसलेल्या ध्वनींची काही चिन्हे मोकळी उरली. ती त्यांनी स्वरांसाठी वापरली. 'आलेफ'चा 'अल्फा' झाला आणि तो 'आ' हा स्वर दाखवू लागला. 'बेत'चा 'बीटा' झाला. ग्रीकांकडून एट्रुस्कन, त्यांच्याकडून रोमन, असा हा प्रवास झाला. ग्रीक स्वतः आपल्या अक्षरांना 'फिनिशियन अक्षरे' म्हणत, असे हिरोडोटसने लिहिले आहे.

दुसरी शाखा पूर्वेकडे गेली. फिनिशियन लिपीपासून अरामाइक लिपी झाली. तिच्यापासून आजची हिब्रू लिपी आणि नबाती लिपीमार्गे अरबी लिपी आली. इराणच्या हखामनी साम्राज्यात अरामाइक ही कारभाराची लिपी होती, त्यामुळे ती भारताच्या वायव्य सीमेपर्यंत पोहोचली. कंदाहारला सापडलेला अशोकाचा एक लेख ग्रीक आणि अरामाइक अशा दोन भाषांत आहे. खरोष्ठी लिपी अरामाइकपासून निघाली, हे बहुतेकांना मान्य आहे. ब्राह्मीबद्दल मतभेद आहेत. जर्मन अभ्यासक ब्यूलर यांनी 'ग'सारख्या काही अक्षरांच्या आकारातले साम्य दाखवून तिचे मूळ सेमिटिक लिपीत असल्याचे मांडले. ब्राह्मी भारतातच स्वतंत्रपणे घडली असे मानणारेही आहेत. ब्यूलर यांचे मत बरोबर असेल, तर सोपाऱ्याला सापडलेल्या अशोकाच्या ब्राह्मी लेखापासून या लेखाच्या देवनागरीपर्यंत सगळ्याच अक्षरांचे बिब्लॉसशी दूरचे नाते निघते. स्वर-व्यंजनांची शास्त्रशुद्ध मांडणी आणि काना-मात्रा-वेलांटीची योजना मात्र पूर्णपणे भारतीय आहे.

साम्राज्यांच्या सावलीत

फिनिशियन शहरांकडे मोठे सैन्य नव्हते. बलाढ्य शेजाऱ्याला खंडणी द्यायची आणि व्यापार चालू ठेवायचा, हे त्यांचे धोरण होते. ॲसिरियाच्या राजांच्या लेखांत टायर आणि सायडनच्या खंडण्यांच्या याद्याच आहेत. चांदीची ही मागणी भागवण्यासाठीच ते पश्चिमेकडे अधिकाधिक सरकले, असे एक मत आहे. पुढे बॅबिलोनच्या नेबुखद्नेझरने टायरला तेरा वर्षे वेढा घातला. इ. स. पू. ५३९ नंतर ही शहरे इराणी साम्राज्यात आली आणि त्यांची जहाजे इराणी आरमाराचा कणा बनली. पण कंबायसिस या इराणी राजाने कार्थेजवर चालून जायला सांगितले, तेव्हा आमच्याच लेकरांवर शस्त्र उचलणार नाही, असे म्हणून त्यांनी नकार दिल्याचे हिरोडोटस सांगतो. राजाला मोहीम सोडून द्यावी लागली.

इ. स. पू. ३३२ मध्ये अलेक्झांडर टायरपुढे आला. शहर किनाऱ्यापासून सुमारे ८०० मीटर अंतरावरच्या बेटावर होते. त्याने दगड-माती आणि लाकडे समुद्रात टाकून बेटापर्यंत भराव घातला आणि सात महिन्यांच्या वेढ्यानंतर शहर घेतले. हजारो लोक मारले गेले, सुमारे ३०,००० जण गुलाम म्हणून विकले गेले. त्या भरावाभोवती नंतर वाळू साचत गेली. त्यामुळे टायर आज बेट राहिलेले नाही, द्वीपकल्प झाले आहे.

पश्चिमेला कार्थेज यानंतरही दोन शतके टिकले. सिसिलीवरून रोमशी त्याचा संघर्ष पेटला आणि इ. स. पू. २६४ ते १४६ या काळात तीन युद्धे झाली. पहिल्या युद्धात रोमनांना आरमाराचा अनुभव नव्हता. किनाऱ्याला लागलेले एक कार्थेजी जहाज हाती आले, त्याची नक्कल करून त्यांनी आपले आरमार बांधले, असे पॉलिबियस लिहितो. दुसऱ्या युद्धात हॅनिबल हत्ती घेऊन आल्प्स ओलांडून इटलीत उतरला. 'बाल देवाची कृपा' असा त्याच्या नावाचा अर्थ. तिसऱ्या युद्धात तीन वर्षांच्या वेढ्यानंतर इ. स. पू. १४६ मध्ये रोमने कार्थेज जाळून टाकले आणि उरलेल्यांना गुलाम केले. रोमनांनी तिथल्या जमिनीत मीठ पेरले, ही गोष्ट मात्र कोणत्याही प्राचीन लेखकाने सांगितलेली नाही. ती अलीकडच्या काळात जोडली गेली.

ग्रंथ गेले कुठे?

रोजच्या लिखाणासाठी फिनिशियन पपायरस आणि चामडे वापरत. मेसोपोटेमियाच्या मातीच्या विटा आगीत भाजून अधिकच टिकाऊ झाल्या. भूमध्य किनाऱ्याच्या दमट हवेत पपायरस मात्र कुजून गेला. जे उरले असते, ते युद्धांनी नेले. कार्थेज पडल्यावर तिथली ग्रंथालये रोमने आफ्रिकेतल्या छोट्या राजांना वाटून टाकली, असे प्लिनी सांगतो. अपवाद केला तो एका ग्रंथाचा. मागो नावाच्या कार्थेजी लेखकाचा शेतीवरचा २८ भागांचा ग्रंथ लॅटिनमध्ये भाषांतरित करण्याचा ठराव रोमच्या सेनेटने केला. द्राक्षवेली, ऑलिव्ह, गुरे, मधमाश्या अशा विषयांवरचे त्यातले उतारे इतर लेखकांच्या पुस्तकांत सापडतात. मूळ ग्रंथ नाही आणि भाषांतरही नाही.

या पोकळीत जे चित्र उभे राहिले, ते दुसऱ्यांनी काढलेले आहे. होमरच्या 'ओडिसी'त फिनिशियन हे लबाड, मुले पळवणारे व्यापारी आहेत. रोमन लोक दगाबाजीला 'प्यूनिक इमान' म्हणत. सर्वांत गंभीर आरोप बालबळींचा. कार्थेजमध्ये आणि काही इतर वसाहतींत लहान बाळांच्या आणि कोकरांच्या जळलेल्या अस्थींचे हजारो कलश पुरलेले सापडले आहेत. सोबतच्या दगडांवर नवस फेडल्याचे लेख आहेत. काही अभ्यासकांच्या मते हा नवसाच्या बळींचा पुरावा आहे. इतरांच्या मते, जन्मतःच किंवा आजाराने गेलेल्या अर्भकांची ही वेगळी स्मशानभूमी असावी, कारण त्या काळी बालमृत्यूचे प्रमाण फार मोठे होते. हाडे आणि दात तपासूनही एकमत झालेले नाही. लेखांवरून बळीच्या बाजूचे म्हणणे दुर्लक्ष करण्यासारखे नाही, हे मान्य करावे लागते. त्याचबरोबर या विषयावर लिहिणारे प्राचीन लेखक तटस्थ नव्हते, हेही लक्षात ठेवावे लागते.

पुन्हा वाचता आलेली भाषा

राजकीय सत्ता गेल्यावरही भाषा लगेच मेली नाही. उत्तर आफ्रिकेत ती ऑगस्टीनच्या काळापर्यंत बोलली जात होती. नंतर ती पूर्ण विसरली गेली. माल्टामध्ये मेलकार्त देवाला वाहिलेल्या संगमरवरी स्तंभांवर एकच मजकूर फिनिशियन आणि ग्रीक भाषांत कोरलेला होता. त्याच्या आधारे १७५८ मध्ये फ्रेंच विद्वान झाँ-झाक बार्तेलमी यांनी ही लिपी उलगडली. १८५५ मध्ये सायडनला राजा एश्मुनझार दुसरा याची शवपेटी सापडली. आपण अकाली गेलो, आपली विश्रांती कोणी मोडू नये, अशी विनवणी तिच्यावर आहे. ती पेटी आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. १९६४ मध्ये इटलीतल्या पिर्जी इथे सोन्याचे तीन पत्रे मिळाले. फिनिशियन आणि एट्रुस्कन अशा दोन भाषांतल्या त्या मजकुरामुळे एट्रुस्कन भाषेच्या अभ्यासालाही मदत झाली.

अलीकडे प्राचीन डीएनएनेही आपली साक्ष दिली आहे. २०२५ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भूमध्य समुद्राभोवतीच्या फिनिशियन आणि प्यूनिक दफनभूमींतल्या माणसांचे जनुकीय नमुने तपासले गेले. पश्चिमेकडच्या प्यूनिक शहरांतल्या लोकांत लेबनॉनकडच्या पूर्वजांचा वाटा अगदी थोडा निघाला. बहुतेकांचे पूर्वज सिसिली, एजियन आणि उत्तर आफ्रिकेकडचे होते. म्हणजे ही भाषा, देव आणि लिपी पश्चिमेत पसरली ती मोठ्या संख्येने माणसे स्थलांतरित झाल्यामुळे नव्हे, तर वेगवेगळ्या वंशांच्या लोकांनी ती आपलीशी केल्यामुळे.

बिब्लॉस आणि टायर १९८४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. २०२४ च्या युद्धात टायर शहरावर बाँब पडले, तेव्हा युनेस्कोने लेबनॉनमधल्या ३४ वारसास्थळांना विशेष संरक्षण जाहीर केले. सीडरची जंगले आता तुरळक राहिली आहेत, पण लेबनॉनच्या राष्ट्रध्वजावर मधोमध तेच झाड आहे. टायरच्या जमिनीखाली आणि भूमध्य समुद्राच्या तळाशी अजून बरेच काही दडलेले असणार. फिनिशियनांची बाजू त्यांच्याच शब्दांत ऐकायची, तर आशा तिथेच आहे. एखादा नवा शिलालेख किंवा न फुटलेला रांजण मिळाला, तरी शत्रूंनी लिहिलेल्या इतिहासातली एखादी ओळ दुरुस्त करता येईल.